ओळख पटलेल्या फायली

१० डिसेंबर २०२१ या शुक्रवारी जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालणाऱ्या प्रणाली सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसासमोर एकच प्रश्न उभा होता: आपल्या सर्व्हरवर लॉगफोरजे आहे का, आणि असल्यास कितवी आवृत्ती? लॉगफोरजे ही अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनची एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी आपल्यात घ्यायचा तयार कोड, असून, प्रोग्राम चालताना जे जे घडते त्याची नोंद ठेवणे एवढेच तिचे काम आहे. तिच्या २.० च्या बीटा काळापासून २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये असा दोष निघाला होता की, नोंदवल्या जाणाऱ्या मजकुरात बाहेरच्या माणसाने ठरावीक साच्याची एक ओळ घातली, तर ही लायब्ररी त्या ओळीत दिलेल्या पत्त्यावरून कोड आणून तो चालवू शकत असे. काही ठिकाणी लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी ती ओळ लिहिली तरी पुरे होते. आमचे कार्यालय महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणे हा आमचा धंदा आहे. कोविडमुळे निम्मी मंडळी अजून घरूनच काम करीत होती, त्यामुळे त्या शनिवार-रविवारचा बहुतेक वेळ मी नौपाड्यातल्या घरातून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, महाप्यातल्या यंत्रांमध्ये ही एक फाइल धुंडाळण्यात घालवला.

प्रश्न दिसायला सोपा होता, पण स्थापित केलेल्या सॉफ्टवेअरची जी यादी यंत्र स्वतः ठेवते, तिच्यात ही लायब्ररी सहसा सापडतच नव्हती. ती कोणी वेगळी बसवलेली नसते. दुसऱ्या एखाद्या उत्पादनाच्या पोटात ती आपसूक आलेली असते. मग नावाने शोधायचे म्हटले, तर आवृत्तीचा आकडा काढून टाकलेल्या फायली होत्या, उत्पादकाने स्वतःच्या पद्धतीने नाव बदललेल्या फायली होत्या, आणि तपासणीतून सुटका व्हावी म्हणून जुन्याच फायलीला नव्या आवृत्तीचे नाव देऊन ठेवणारे महाभागही असतात, हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. फायलीचे नाव हे ती ठेवणाऱ्याचे म्हणणे असते. ते खरे असेलही, पण ते आतल्या बाइटांशी कशानेही बांधलेले नसते.

अशा वेळी हॅश कामाला येतो. फाइल एक बाइटाची असो वा कित्येक जीबींची, तिच्यातला प्रत्येक बाइट एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून काढला की शेवटी निश्चित लांबीची एक संख्या हाती येते; एसएचए-२५६ मध्ये ती २५६ बिटांची, म्हणजे हेक्स म्हणजे सोळा चिन्हांच्या अंकांत लिहिली तर ६४ अंकांची असते. मूळ फायलीतला एक बिट जरी बदलला, तरी उत्तरातले सरासरी निम्मे बिट बदलतात, त्यामुळे 'थोडासा वेगळा हॅश' असे काही नसतेच. उत्तरावरून फाइल उलट उभी करता येत नाही, आणि एकाच उत्तराच्या दोन वेगवेगळ्या फायली मुद्दाम शोधून काढायच्या म्हटल्या तर त्यासाठी जेवढी गणिते करावी लागतील तेवढी आज कोणाच्याही आवाक्यात नाहीत. याहून अधिक गणित या लेखाला लागत नाही.

दोषी ठरलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या जार फायलीचे, म्हणजे जावाचा कोड ज्या गठ्ठ्यात मिळतो त्या फायलीचे, हॅश लोकांनी लवकरच एकत्र करून मांडले. जावाच्या लायब्रऱ्या जिथून उतरवल्या जातात त्या मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक कोठारात एकदा चढवलेली आवृत्ती पुन्हा बदलली जात नाही, आणि तिथे एसएचए-१ हा जुन्या पद्धतीचा हॅश देऊन ही फाइल कोणती हे विचारण्याचीही सोय आहे. त्यामुळे काम असे ठरले: प्रत्येक सर्व्हरवरच्या सर्व जार फायलींचे हॅश काढायचे, ते यादीशी ताडून पाहायचे, आणि जुळले की नाव काहीही असो, ती फाइल तीच. पहिल्या फेरीत असे अनेक धागे हाती लागले, आणि नावाच्या शोधात जे निसटले होते तेही त्यात आले. इथपर्यंत सगळे सरळ होते.

गुंता पुढे सुरू झाला. जार ही मुळात झिप फाइल असते, आणि अनेक उत्पादने आपल्या सगळ्या लायब्रऱ्या उलगडून एकाच मोठ्या जारमध्ये भरतात. मग लॉगफोरजेची जार अशी वेगळी फाइल उरतच नाही, आणि मोठ्या जारचा हॅश जगातल्या कोणत्याही यादीत नसतो, कारण तो गठ्ठा त्या एकाच कंपनीने बांधलेला असतो. म्हणून आत शिरून एकेका क्लास फायलीचा, म्हणजे जावा कोडच्या एकेका तुकड्याचा, हॅश काढावा लागला. ज्या क्लासमुळे हा सगळा घोळ झाला, त्या जेएनडीआय-लुकअपचे प्रत्येक आवृत्तीतले हॅश माहीत असले की मोठ्या गठ्ठ्यातही तो सापडतो. मात्र काही उत्पादने लायब्ररी आत घेताना तिची अंतर्गत नावे बदलतात, तेव्हा क्लास फायलीतले बाइटही बदलतात आणि हॅश पुन्हा हुलकावणी देतो. याच्या उलट बाजूचा प्रकार तर मला आजही मजेशीर वाटतो. नवी आवृत्ती बसवणे लगेच शक्य नसेल, तर जारमधून तो एक क्लास काढून टाकावा, असा तात्पुरता उपाय खुद्द अपाचेने सांगितला होता, आणि अनेकांनी तो केला. तसे केल्याबरोबर त्या जारचा हॅश बदलला. जी फाइल काल यादीत दोषी म्हणून ठळक दिसत होती, ती आज धोका कमी झाल्यावर पूर्णपणे अनोळखी झाली: ना दोषींच्या यादीत, ना अपाचेने प्रसिद्ध केलेल्या फायलींच्या यादीत. आमच्या तक्त्यात 'जुळली' आणि 'जुळली नाही' असे दोनच रकाने होते, आणि या दुरुस्त केलेल्या फायली 'जुळली नाही' या रकान्यात कोणत्याही निरुपद्रवी फायलीच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यातच डिसेंबर संपेपर्यंत २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा आवृत्त्या एकामागोमाग आल्या, आणि काल 'सुरक्षित' लिहिलेल्या हॅशपुढे आज वेगळा शेरा लिहावा लागला. फाइल तीच होती, हॅश तोच होता. बदलले होते ते आपले त्या फायलीविषयीचे मत.

तेव्हापासून या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी एका बाबतीत पक्की झाली आहे. हॅश फक्त एवढेच सांगतो की ही फाइल आणि ती फाइल एकच आहे. 'ती' फाइल कोण, तिला कोणी पाहिले, केव्हा पाहिले आणि तिच्याविषयी काय ठरवले, हे सगळे यादीत असते, आणि यादी माणसांनी केलेली असते.

अशा याद्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध यादी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेची आहे. मेरीलँड राज्यातल्या गेथर्सबर्ग येथे ही संस्था नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी चालवते. लायब्ररी हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा, कारण सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती तिथे खरोखरच जपून ठेवल्या जातात, त्यांतली प्रत्येक फाइल काढून तिचे हॅश नोंदले जातात, आणि ती नोंद कोणालाही मोफत उतरवता येते. पूर्वी ही नोंद साध्या मजकुराच्या फायलींत मिळत असे, आता एस्क्यूलाइटच्या डेटाबेसात मिळते. तिचा मूळ उपयोग गुन्हे तपासासाठी आहे. जप्त केलेल्या संगणकावर लाखो फायली असतात आणि त्यांतला फार मोठा भाग ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि नेहमीच्या प्रोग्रामांचा असतो. तो हॅश जुळवून बाजूला काढला की माणसाने डोळे घालून पाहावे असे जे थोडे उरते, तिथून तपास सुरू होतो. ही वजाबाकी फार उपयुक्त आहे, आणि आमच्यासारख्या तपासाशी संबंध नसलेल्या लोकांनाही ती सर्व्हरची साफसफाई करताना उपयोगी पडते.

मात्र या यादीचे एक वैशिष्ट्य नवख्या माणसाच्या हमखास लक्षात येत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे रुजू झालेला एक मुलगा अशीच जुळवणी करीत होता. त्याने मला विचारले, "मॅडम, ही यादीत सापडली. हिरवी करून टाकू ना?"

"हिरवी म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे चांगली आहे, असं."

"अरे, ती ओळखीची आहे, एवढंच ठरलं. ठाणे स्टेशनवरचा पाकीटमारही रेल्वे पोलिसांच्या ओळखीचाच असतो."

तो हसला, पण मुद्दा गंमतीचा नव्हता. या यादीत पासवर्ड फोडण्याची साधनेही आहेत आणि चित्रात मजकूर दडवण्याचे प्रोग्रामही आहेत, कारण तेही विकले जाणारे किंवा वाटले जाणारे सॉफ्टवेअर आहे आणि यादीचे काम सॉफ्टवेअर ओळखणे हे आहे. यादीत फाइल असणे म्हणजे ती अमुक उत्पादनाच्या अमुक प्रतीत होती, इतकेच. ते उत्पादन चांगले की वाईट, हा निवाडा यादी करीत नाही, आणि यादी चालवणारी संस्था हे स्पष्ट सांगते. आणि जुळले नाही म्हणून फाइल संशयित ठरत नाही, हेही तितकेच खरे आहे. आपल्या गावच्या सहकारी पतपेढीसाठी कोणी लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम गेथर्सबर्गच्या कपाटात कसा असेल?

दुसरी अडचण त्याच दिवशी त्याच तक्त्यात समोर आली. एका पायथन पॅकेजमधल्या काही फायली यादीत शंभर वेगवेगळ्या उत्पादनांशी जुळत होत्या. त्यांच्या एमडी५ या जुन्या पद्धतीच्या हॅशची सुरुवात डी४१डी८सीडी९८ अशी होती. या धंद्यात मुरलेला माणूस हा आकडा वाचत नाही, नुसता पाहून ओळखतो: तो रिकाम्या फायलीचा हॅश आहे. शून्य बाइटांची फाइल जगात कुठेही असली तरी तिचा एमडी५ हाच, आणि तिचा एसएचए-२५६ नेहमी ई३बी०सी४४२ असाच सुरू होणार. पायथनच्या पॅकेजांत फोल्डरची खूण म्हणून अशा रिकाम्या फायली ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा मजकूर असलेली फाइल तर असंख्य पॅकेजांत जशीच्या तशी असते. या फायली जुळल्याने पॅकेजची ओळख पटत नाही. पॅकेज ओळखायचे तर जी फाइल एकाच उत्पादनात आणि एकाच आवृत्तीत आढळते, तिच्या जुळण्याला खरे वजन आहे. शंभर ठिकाणी आढळणारी फाइल जुळली काय आणि न जुळली काय. किती फायली जुळल्या याचे टक्के काढून तक्त्यात रंग भरणारी साधने हा फरक बहुधा करीत नाहीत, आणि म्हणून त्या टक्क्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

आता याची दुसरी बाजू पाहावी. दोन फायली माणसाच्या लेखी अगदी एकच असतात, पण हॅश वेगळे येतात. याचे उदाहरण मला आपल्याच लिपीत फार जवळून पाहायला मिळाले. एका प्रोग्रामच्या मराठी भाषांतराची फाइल दोन प्रतींत होती आणि दोन्हींचे हॅश वेगळे होते. दोन्ही शेजारी उघडून ओळ न् ओळ वाचली, तर काही फरक दिसेना. शेवटी बाइट पाहिले, तेव्हा 'दुसऱ्या' या शब्दापाशी गाडी अडली. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो: एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये सहा बाइट, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यामागून पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह, म्हणजे नऊ बाइट. पडद्यावर अक्षर एकच उमटते. एका भाषांतरकाराचा कीबोर्ड एक पद्धत वापरत होता आणि दुसऱ्याचा दुसरी. हॅशला मराठी येत नाही, त्याला फक्त बाइट कळतात, आणि त्याच्या दृष्टीने त्या दोन पूर्ण वेगळ्या फायली होत्या.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर जानेवारी २०२३ च्या अखेरीस गिटहब या सोर्स कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर घडला. तिथे एखाद्या प्रकल्पाचा सोर्स कोड गठ्ठ्याच्या रूपात मागितला की तो त्या क्षणी दाबून दिला जातो. ते ज्यावर चालते त्या गिट या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत दाबण्याचे काम बाहेरच्या जीझिप प्रोग्रामऐवजी आतल्याच कोडकडे गेले, आणि गठ्ठ्यातल्या फायली बाइटगणिक त्याच असूनही गठ्ठ्याचे बाइट बदलले. ज्यांनी आपल्या बिल्डमध्ये, म्हणजे प्रोग्राम बनवण्याच्या प्रक्रियेत, त्या गठ्ठ्यांचे हॅश लिहून ठेवले होते, त्यांची कामे जगभर धडाधड थांबली, आणि गिटहबने तो बदल मागे घेतला. सोर्स कोड तोच असेल तर त्यातून बनणारे पॅकेज कोणीही, कुठेही बनवले तरी बाइट न् बाइट तेच निघाले पाहिजे, या आग्रहाने डेबियन या लिनक्स प्रणालीची मंडळी २०१३ पासून काम करीत आहेत, त्यामागचे कारण इथे नीट कळते. फायलीत बनवण्याची वेळ शिरली, फायलींचा क्रम बदलला, इतक्या क्षुल्लक गोष्टींनीही ओळख मोडते.

हॅशच्या जुन्या पद्धतींचेही थोडे सांगावे लागेल. एमडी५ चे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच एमडी५ चे दोन वेगळे मजकूर दाखवले. एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये झाली, जेव्हा ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने एकाच एसएचए-१ च्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली जगासमोर ठेवल्या. याचा अर्थ जुन्या याद्या कचऱ्यात टाकाव्यात असा होत नाही, आणि हा फरक फार लोक करीत नाहीत. दोन्ही फायली स्वतः घडवणारा माणूस त्यांचा हॅश एक करू शकतो. पण दुसऱ्याने पूर्वीच बनवलेल्या एखाद्या फायलीच्या एमडी५ शी जुळणारी नवी फाइल घडवणे आजही व्यवहारात जमलेले नाही. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या सीडीवरच्या फायली एमडी५ ने ओळखायला हरकत नाही, पण आज कोणी आपल्या हाती नवी फाइल आणि तिचा एमडी५ सोबत देऊ लागला, तर तो घेऊ नये. आपल्या कायद्याच्या बाबतीत यात एक गंमत आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात हॅश फंक्शनची व्याख्या करताना दोन वेगळ्या अभिलेखांचा हॅश एक येणे गणिती दृष्ट्या अशक्यप्राय असावे असे म्हटले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहिण्यासाठी एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय छापलेले आहेत. महाराष्ट्र सायबरचे मुख्यालयही आता महाप्यातच आहे. तिथल्या अधिकाऱ्यांच्या हाती हा नमुना रोज येत असेल, आणि त्यांनी एसएचए-२५६ च्याच चौकटीत खूण करावी अशी माझी इच्छा आहे.

राहता राहिला प्रश्न यादीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा हा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतस्थळात घुसून कोणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला आणि लोकांना भेसळ केलेली आयएसओ, म्हणजे ती सिस्टिम बसवण्याची, फाइल मिळू लागली. ज्याला दुवा बदलता येतो त्याला त्याच पानावरचा हॅशही बदलता येतो, म्हणून फायलीशेजारी छापलेला हॅश हा उतरवताना फाइल बिघडली का एवढेच सांगू शकतो. डेबियनने यावर साखळी केली आहे: रिलीज नावाच्या फायलीवर डिजिटल सही असते, तिच्यात पॅकेजांच्या सूचीचा हॅश असतो, आणि सूचीत प्रत्येक पॅकेजचा. सही एकाच ठिकाणी तपासायची आणि तिथून खाली हजारो फायलींपर्यंत पोहोचायचे. हे काम इतके बिनबोभाट चालते की अपडेटची आज्ञा देणाऱ्याला आपण काही तपासले याची जाणीवही नसते.

आणि तरीही, मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबण्याच्या साध्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली, तेव्हा या साखळीतली एकही कडी तुटलेली नव्हती. गठ्ठा देखभाल करणाऱ्यानेच बनवला होता, सही त्याचीच होती, हॅश बरोबर होते; चोरवाट जुळवणारी एक स्क्रिप्ट त्या गठ्ठ्यात होती आणि गिटमधल्या सोर्समध्ये मात्र नव्हती. ती सापडली हॅशमुळे नव्हे, तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्याच्या प्रोग्रामने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले म्हणून. २९ मार्चला त्यांनी हे जाहीर केले, आणि त्यानंतर मात्र हॅशनेच काम सोपे केले, कारण ते दोन गठ्ठे कोणते हे एकदा ठरल्यावर ते कोणाकोणाच्या यंत्रावर उतरले आहेत हे विचारणे फक्त जुळवणीचे काम उरले. आमच्या सर्व्हरवर जुन्याच स्थिर आवृत्त्या असल्याने एकही जुळला नाही.

आता आमच्या तक्त्यात दोनच्या जागी बरेच रकाने आहेत: कोणत्या यादीशी जुळली, ती यादी कोणत्या तारखेची, ती फाइल आणखी किती उत्पादनांत आढळते, आणि न जुळलेल्या फायलीसमोर, ती इथे कोणी आणली. शेवटचा रकाना भरायला यंत्र उपयोगाचे नाही, त्यासाठी फोन लावावे लागतात, आणि तो मुलगा सध्या दुपारचे जेवण झाले की तेच करीत बसलेला असतो.